आंद्रेयाला बांधणारे काका

वसईकडच्या वटारच्या आमच्या आळीत पानवेलीचा एकच मळा उरलाय, तो ॲन्सेल्मकाकांचा. बाकी सगळीकडे केळी, मोगरा, नाहीतर पत्र्याचं कुंपण आणि त्यावर बिल्डरची पाटी. मी लग्न होऊन उमेळ्याहून इथे आले त्या वर्षी पहिल्यांदा त्या मळ्यात शिरले आणि जागच्या जागी थबकले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत सगळं हिरवं, ओलसर, विहिरीच्या तळाशी जाऊन बसल्यासारखं. पांगाऱ्याच्या खोडांवर वेली चढलेल्या, पानावर पान, आणि त्यांच्यामध्ये एक उंच सडपातळ माणूस वेल बांधत उभा. मला पाहून ते हसले नाहीत की बोलले नाहीत, पण मी परत फिरेपर्यंत हातातलं काम थांबवून उभे राहिले. घरी आल्यावर सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, तो ॲन्सेल्म, आंद्रेयाला बांधतो तो.

मला वाटलं, आंद्रेया त्यांच्या गोठ्यातला बैल असेल. हे मी बोलूनही दाखवलं. सासूबाई महिनाभर ती गोष्ट सगळ्या आळीला सांगत होत्या.

आंद्रेया म्हणजे संत आंद्रेया, प्रभू येशूचा प्रेषित. दुसऱ्या एका प्रेषिताचा, पेत्राचा भाऊ, आणि त्याच्यासारखाच मासेमारी करणारा. आमच्या आळीतलं छोटं चॅपेल त्याच्या नावाचं आहे. त्याचं मरण बायबलमध्ये कुठे सांगितलेलं नाही, पण जुनी परंपरा सांगते की ग्रीस देशात पात्रास नावाच्या गावी तिथल्या सुभेदाराने त्याला क्रुसावर चढवलं. तो क्रूस फुलीसारखा तिरपा होता. आणि त्याला खिळे ठोकले नाहीत, दोरांनी बांधलं. दया म्हणून नव्हे, तर लवकर मरू नये म्हणून. दोन दिवस तो तसाच बांधलेला होता आणि त्या दोन दिवसांत खाली जमलेल्या लोकांशी बोलत होता. पुढे त्या गोष्टीत काहींचे हात लुळे पडतात. कुणाचे, ते येईलच.

नोव्हेंबर संपता संपता त्याचा सण येतो. त्या दिवशी उन्हं कलली की चॅपेलच्या अंगणात जिवंत देखावा होतो. सुरूचे दोन लांब वासे फुलीसारखे उभे करतात. आंद्रेया होतो गॉडफ्रे, जो एरवी फुलांचा टेम्पो घेऊन पहाटे दादरला जातो. गणपती आले की तो दाढी राखायला लागतो आणि त्याची बायको सण उरकेपर्यंत त्याच्याशी तुटक बोलते. सुभेदार होतात निवृत्त मास्तर फ्रान्सिस. निवेदन मी वाचते, कारण माझं मराठी शाळेतलं आहे आणि आवाज खणखणीत आहे, असं म्हणतात.

आणि बांधणारे ॲन्सेल्मकाका. त्यांच्या आधी त्यांचे वडील, त्यांच्या आधी आजोबा. दुसऱ्या कुणाला ते काम नकोच असायचं. प्रेषिताला मारणाऱ्याचं काम ते. बांधणाऱ्याने त्या दिवशी उपास धरायचा, चर्चमधल्या सकाळच्या मिस्साला जायचं नाही, बोलावणं येईपर्यंत मळ्यातच थांबायचं. मग अनवाणी यायचं, खांद्यावर पाण्यात भिजवलेलं सोपट, म्हणजे केळीच्या खोडाच्या सालीच्या पट्ट्या. ज्याला बांधायचं त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. बांधून झालं की मागे वळून न बघता कुंपणातल्या खिंडीतून निघून जायचं. सणाचं जेवण सगळ्यांबरोबर घ्यायचं नाही, त्याचं ताट मळ्यात पाठवायचं. त्याच्या घरची माणसंही देखाव्याला येत नसत. मळ्यात पोचल्यावर काका पाण्याचा पंप सुरू करायचे. अंगणात लोक रडायला लागतात, ते ऐकू येऊ नये म्हणून.

आता हे लिहिताना वाटतं, किती साधी गोष्ट होती आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. या माणसाने जन्मात कधी देखावा शेवटपर्यंत पाहिला नव्हता.

गेल्या पावसाळ्यात सकाळी भाकरी खाताना काकांचा उजवा हात ताटातच थांबला. तुकडा तोडलेला, बोटं त्यावर तशीच. वसईच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी डोक्यातली नस, रक्ताची गुठळी, सगळं नीट समजावलं. काकांनी मान हलवली. घरी आल्यावर सुनेला म्हणाले, डॉक्टर चांगला आहे, पण त्याला काय माहीत मी काय काम करतो ते.

पायात थोडी ताकद आली, काठी घेऊन चालायला लागले. हात नाही आला. तो मांडीवर ठेवून दारात बसायचे. मुलगा-सून कामावर गेले की मी कधी कालवण, कधी पेज घेऊन जायचे. तेव्हा ते थोडं थोडं बोलायला लागले. ते आमच्या बोलीत बोलायचे, मी इथे शाळेच्या मराठीत लिहिते आहे. लहान असताना बापाने त्यांना सांगितलं होतं की आंद्रेयाच्या गोष्टीत हात लुळे पडतात, म्हणून बांधणाऱ्याने आपले हात जपावेत. एवढंच सांगितलं होतं. बापाचे हात शेवटपर्यंत धड राहिले. आजोबांचेही. म्हणजे तिघांचा हिशेब एकट्या ॲन्सेल्मकडून घेतला गेला, असं काकांचं म्हणणं.

दुपारी डोळा लागला की एकच स्वप्न पडायचं, तेही त्यांनी सांगितलं. ते मळ्यात उभे असतात. पानं हलत नाहीत, खाली सावली इतकी गार की पायाला पाणी लागल्यासारखं वाटतं. समोरच्या पांगाऱ्यावर वेलीच्या जागी एक माणूस बांधलेला असतो. चेहरा ओळखीचा, पण कुणाचा ते आठवत नाही. त्याच्या खांद्यावरून कोवळी पानं फुटलेली. तो काकांकडे बघतो, काही सांगायला तोंड उघडतो आणि तेवढ्यात पंप सुरू होतो. धडधड धडधड. मग जाग येते.

मी विचारलं, काय सांगत असेल तो?

"शाप देत असणार," काका म्हणाले. "दुसरं काय सांगणार मला?"

मी काहीतरी समजुतीचं बोलले. देव असा नसतो वगैरे. आमच्या तरुण फादरांनीही येऊन हेच सांगितलं, माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत. काकांनी त्यांनाही डॉक्टरांसारखीच मान हलवून दाखवली. पण त्यांनी कम्युनियन, मिस्सात तळहातावर मिळणारा तो पवित्र प्रसाद, घेणं थांबवलं होतं, हे फक्त त्यांच्या सुनेला आणि मला माहीत होतं. मिस्साला जायचे, शेवटच्या बाकावर बसायचे, सगळे रांगेत उभे राहिले की हे मान खाली घालून मांडीवरच्या हाताकडे बघत बसायचे.

ऑक्टोबरात देखाव्याची बैठक भरली. काकांनी निरोप पाठवला होता की यापुढे कुणीही बांधू नये, हे आपल्याबरोबर संपू दे. गाठ मी कुणाला शिकवणार नाही, ज्याला शिकवीन त्याचाही हात जाईल. मग एकाने सुचवलं, इलेक्ट्रिशियन वापरतात त्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणू. दुसरा म्हणाला, बांधायलाच कशाला हवं, गॉडफ्रेने नुसते हात वर करून उभं राहावं. गॉडफ्रे म्हणाला, "मग मी एस.टी.त दांडीला लटकलोय असं दिसेल. बांधल्याशिवाय मी चढणार नाही." आणि बैठक तिथेच संपली.

हे सगळं बायजाकाकूंच्या कानावर गेलं. बायजाकाकू खाडीकडच्या. त्यांच्या घरची भातशेती होती, आता त्यातली बरीचशी गेली. नवरा गेल्यापासून त्या काकांच्या मळ्यात कामाला येतात. वेल चढवायची, बांधायची, वर्षातून एकदा खाली उतरवून नव्याने लावायची, हे काम दोघांनी मिळून इतकी वर्षं केलं की आता बोलावंही लागत नाही. एक सोपट पुढे करतो, दुसरा घेतो. सणाच्या दिवशी काका मळ्यात एकटे जेवतात हे बघून बायजाकाकूंनी पहिल्याच वर्षी आपली भाकरी तिथे आणली होती. तेव्हापासून त्या दिवशी फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, आणि इंद्यालाच्या झणझणीत रश्शाचं ताट मळ्यात दोन माणसांचं जाऊ लागलं. पण ताट येण्याआधी बायजाकाकू कुंपणाला टेकून देखावा बघायच्या. शेवटपर्यंत.

त्या काकांच्या ओट्यावर येऊन बसल्या तेव्हा मी तिथेच होते.

"या वर्सी मी बांधते," त्या म्हणाल्या.

काकांनी नकार दिला. त्यांनी पुन्हा म्हटलं, काकांनी पुन्हा नकार दिला, या वेळी जरा मोठ्याने. हाताचं सांगितलं. बायजाकाकूंनी तोंडातलं पान बाजूला सारलं.

"ॲन्सूभाऊ, तुमचा संत मला वळखत पन नाय. शिक्षा पाठवायची तर कुठल्या पत्त्यावर पाठवनार तो?"

मी हसू दाबलं. काकांना हसू आलं नाही. त्यांची खरी भीती तीच होती. आपला गेला तो गेला, पण या बाईचे दोन हात म्हणजे तिचं घर. ते म्हणाले, तुझ्या हाताला काही झालं तर मी वर जाऊन कुणाला तोंड दाखवू? बायजाकाकू म्हणाल्या, गाठ तर मला येतेच, वेलीची तीच गाठ. तुम्ही नाही म्हटलं तरी बांधणार. फक्त चुकले तर सांगायला समोर कोण आहे? तुम्ही खुर्ची टाकून बसा.

फ्रान्सिस मास्तरांना वाटलं होतं की लोक कुरकुरतील. कुणी कुरकुरलं नाही. उलट एक म्हातारी म्हणाली, बरंच झालं, ते पाप आळीबाहेर गेलं. बायजाकाकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, तिला सांग, परत येताना घेऊन येईन.

सणाच्या संध्याकाळी समुद्राकडून हलका वारा होता. अंगणभर मोगऱ्याच्या माळा, त्यामुळे हवेला गोड जडपणा. काका पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीत, पांढरा सदरा, उजवा हात सुनेने मांडीवर नीट ठेवलेला. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. बांधायचं नव्हतं तरी उपास धरलाच. बायजाकाकू खिंडीतून आल्या. लुगड्याचा काष्टा घट्ट, पाय अनवाणी, खांद्यावर ओलं सोपट, त्यातून पाणी ठिबकत होतं. काकांजवळून जाताना त्या क्षणभर वाकल्या. काकांनी त्यांच्या कानात सांगितलं ते मला ऐकू आलं, मी माइकपाशी तिथेच उभी होते.

"टोक त्याच्या मुठीत दे. बापाने मला एवढंच शिकवलं होतं."

बायजाकाकूंनी बांधलं. मनगटाभोवती सोपटाचे दोन वेढे, आत बोट जाईल एवढी जागा, मग सुरगाठ. कोवळ्या वेलीला बांधतात तशी. सोपट काचत नाही, रुतत नाही. पावसाळा सरला की ते कुजून गळतं, पण तोवर वेलीने स्वतःच्या मुळांनी खोड धरलेलं असतं. गॉडफ्रेचा एक हात झाला, दुसरा झाला, मग पाय. काकांची नजर बायजाकाकूंच्या बोटांवर होती, कधी काय होईल या धाकात. झालं काहीच नाही. त्या वळल्या आणि मागे न बघता खिंडीतून निघून गेल्या. थोड्या वेळाने मळ्यात पंप सुरू झाला. तो का सुरू करतात हे त्यांना माहीत होतं की नाही कोण जाणे. इतकी वर्षं बघितलं तसं केलं.

काका सवयीने उठायला लागले. निघायची वेळ झाली होती ना. पण पाय पटकन उचलेनात, आणि मी वाचायला सुरुवात केली होती. ते परत बसले.

मी वाचत होते. दोन दिवस तो बोलत राहिला, असं वाचलं. सूर्य सुरूच्या बनामागे गेला आणि अंगणात तो पिवळा, पातळ उजेड पसरला ज्यात माणसं जरा लांब गेल्यासारखी दिसतात. कोण शेजारी आणि कोण पात्रासचा माणूस हे कळेनासं होतं. लोकांमधून ओरड झाली, या भल्या माणसाला सोडा. सुभेदार घाबरला. फ्रान्सिस मास्तर घाबरायचं काम फार छान करतात. त्याने दोन शिपायांना हुकूम दिला, जा, सोडवा त्याला. शिपाई वर चढले, गाठींना हात घातला.

आणि वीज गेली.

माझा माइक बंद पडला. मळ्यातला पंप बंद पडला. एवढी शांतता झाली की दूरचा समुद्र ऐकू यायला लागला. शिपायांनी मात्र आपलं काम केलं. गाठीला हात लावला आणि त्यांचे हात खांद्यापासून निखळल्यासारखे खाली पडले. पुन्हा उचलायला गेले, पुन्हा पडले. गॉडफ्रेने वरून खाली पाहिलं. त्याच्या खांद्यावर मागच्या माळेतली दोन पानं आली होती. माइक नव्हता, म्हणून तो साध्या आवाजात बोलला, ओट्यावर बसून बोलावं तसा.

"मला खाली उतरवू नका. मला कुणी अडकवलेलं नाही. मी इथे राहिलोय."

पुढे मी मोठ्याने वाचायला हवं होतं, की मग त्याच्याभोवती उजेड पसरला आणि त्याने प्राण सोडला. वाचलं नाही. माझं लक्ष काकांकडे होतं. ते खुर्चीत पुढे झुकले होते, तोंड किंचित उघडं. एखाद्याला खूप जुनं नाव आठवावं तसा चेहरा.

लोकांनी मेणबत्त्या लावल्या, गाणं झालं. गाणं संपलं की दरवर्षी दोघंजण कातर घेऊन गॉडफ्रेला सोडवतात. या वर्षीही ते कातर घेऊन पुढे झाले. काका काठी टेकत उभे राहिले.

"कातर कशाला?"

सोडवायला, ते म्हणाले. दरवर्षी कापतोच की.

काकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की दोघांनी कातर पाठीमागे लपवली. मग ते क्रुसाकडे चालत गेले. वाट लोकांनी आपोआप दिली. फ्रान्सिस मास्तरांनी सुभेदाराच्या झग्यातच त्यांना कोपराला धरलं. काका गॉडफ्रेसमोर उभे राहिले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा देखाव्यात त्याच्याशी बोलले.

"मुठीत बघ."

गॉडफ्रेने मूठ उघडली. आत सोपटाचं ओलं टोक होतं. तो म्हणाला, हे तर उरलेलं सोपट. दरवर्षी असतं. मी घट्ट धरून ठेवतो, हात थरथरू नये म्हणून.

"ओढ."

त्याने ओढलं. गाठ सुटली, सगळे वेढे गळून खाली पडले. गॉडफ्रे आपल्या मोकळ्या हाताकडे बघत राहिला. सुरगाठ होती. टोक त्याच्याच मुठीत होतं. दरवर्षी, पूर्ण वेळ, कधीही ओढून तो खाली येऊ शकला असता, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. आंद्रेयाला मात्र ठाऊक होतं, असं मला वाटतं.

दुसऱ्या हाताची गाठ काकांनी सोडवली. डाव्या हाताने. उजवा त्यांनी डाव्यानेच उचलून गॉडफ्रेच्या दंडावर ठेवला होता, आधाराला. आम्ही नुकतेच सोडवणाऱ्यांचे हात लुळे पडताना पाहिले होते, त्यामुळे अंगणातले सगळे त्या डाव्या हाताकडे बघत होते. टोक ओढलं, गाठ सुटली. डावा हात होता तसाच होता.

काका माझ्याकडे वळले. "म्हणजे बांधणाऱ्याचे नव्हते ते हात."

"नाही काका. सोडवायला आले त्यांचे."

"आणि त्यांचेही शिक्षा म्हणून नाही."

"नाही. त्याला उतरायचं नव्हतं म्हणून."

त्यांनी काठी सावरली. मग म्हणाले, चल, बायजाला सांगू.

आम्ही खिंडीतून मळ्यात गेलो. वीज अजून आली नव्हती. पानांच्या आत आधीच सांज झाली होती, बाहेरच्या मेणबत्त्या पानांमधून काजव्यांसारख्या दिसत होत्या. बायजाकाकू पाटाच्या कडेला पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या. काकांना पाहून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि दहाही बोटं हलवून दाखवली, लहान मुलाला दाखवतात तशी.

काकांनी सगळं सांगितलं. शिपायांचे हात, गॉडफ्रे काय बोलला, मुठीतलं टोक. भरभर, एखाद्या नव्या गावाहून आल्यासारखं. बायजाकाकू ऐकत राहिल्या.

"मग? ते तर दर वर्सी असंच होतं," त्या म्हणाल्या. "मी कुंपनाकडनं बघते की. तुम्हाला ठाव नव्हतं?"

काका काठी टेकत पाटाच्या कडेला बसले.

"इतकी वर्सं संगती जेवलो," बायजाकाकू हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाटलं, तुमचा देव, तुम्हाला ठावच असनार."

तेवढ्यात ताट आलं. त्यांच्यापुढे ठेवून मी निघणार होते, तर काकांनी मला बसायला सांगितलं. मग गॉडफ्रे आला, अंगावर प्रेषिताचाच झगा. मास्तर आले. अंगणातली बरीच माणसं एकेक करून आपापली ताटं घेऊन मळ्यात आली आणि वेलींमध्ये जागा मिळेल तिथे बसली. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. काकांनी डाव्या हाताने फुगा मोडला, अर्धा बायजाकाकूंच्या ताटात ठेवला. पुढच्या रविवारी कम्युनियनच्या रांगेत ते माझ्या पुढे उभे होते, डावा तळवा वर करून.

हात काही बरा झाला नाही. ते हल्लीही दारात बसतात. या वर्षी बायजाकाकूच बांधणार आहेत, आणि पुढच्या रांगेतली ती खुर्ची काकांसाठी आधीच सांगून ठेवली आहे. परवा पेज घेऊन गेले तेव्हा मी सहज विचारलं, ते स्वप्न पडतं का अजून?

एकदा पडलं, म्हणाले. सणानंतर. तो माणूस बोलला, पंप काही सुरू झाला नाही. त्यानंतर तो आलाच नाही.

काय बोलला, ते मी विचारलं नाही. काका बाहेर मळ्याकडे बघत होते.

"जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटतं," ते म्हणाले. "सवय झाली होती त्याची."